बघायला आलेल्या मुलाला लेक विचारते, सुपरमॅन जिंकेल की फ्लॅश?

"ताई नमस्कार, आम्ही इंदिरानगरला राहतो, मिस्टर नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेत, लेक २७ वर्षांची, अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. पगार चांगला, स्वभाव चांगला, घरात सगळ्यांचं करते. पण तिला सुपरहिरोंच्या कॉमिक्सचं वेड आहे आणि ते वयाबरोबर कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चाललंय. माळ्यावर खोकी भरलीत, एकेक पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत, मागे पुठ्ठा लावून. मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सवाल्यांच्या मेळाव्याला, जायचं म्हणून महिनाभर हॉलमध्ये फोम कापत बसली होती, खारीची शेपटी केली, माणसाएवढी! सासूबाई बघतच राहिल्या. रात्री फोनवर कुठल्या कुठल्या मुलामुलींशी कुठला रॉबिन चांगला यावरून भांडते. हे सगळं चालवून घेतलं असतं, पण आता बघायला येणाऱ्या मुलांना ती एकच प्रश्न विचारते, सुपरमॅन आणि फ्लॅशची पळायची शर्यत लागली तर कोण जिंकेल. एक मुलगा हसला, म्हणाला हे काय लहान मुलांसारखं, त्याला नकार. दुसऱ्याने टेबलाखाली फोनवर शोधून उत्तर दिलं, त्यालाही नकार. येत्या रविवारी संगमनेरचं स्थळ येतंय, मुलगा पुण्याला नोकरीला. हा प्रश्न विचारायचा नाही असा दम द्यावा का? मिस्टरांच्या स्टॅम्पच्या अल्बमने कपाटाचा एक कप्पा आधीच अडवलाय, त्यात ही खोकी. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीला काढावीत, की नणंदेच्या सात वर्षांच्या मुलाला देऊन टाकावीत? आणि ती नॉर्मल आहे ना हो? – एक आई, इंदिरानगर"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याच पोटातून आलेत. हो, नॉर्मल आहे, अगदी ठणठणीत नॉर्मल आहे. नोकरी करते, घरात हातभार लावते, मित्रमैत्रिणी आहेत, हाताने वस्तू बनवते, आणि २७ व्या वर्षी एखाद्या गोष्टीवर मनापासून जीव लावणारी मुलगी आहे, मी तर म्हणते नशीब लागतं.

आता तो शर्यतीचा प्रश्न, कारण खरी गंमत तिथे आहे आणि तुम्हाला ती कुणी सांगितली नाहीये असं पत्रावरून वाटलं. हा प्रश्न तुमच्या लेकीने काढलेला नाही, जगभरचे कॉमिक्सवाले यावर अनेक पिढ्या भांडतायत. १९६७ साली सुपरमॅनच्या १९९ व्या अंकात प्रकाशकांनी ही शर्यत खरोखर लावली, गोष्टीत संयुक्त राष्ट्रांच्या मदतनिधीसाठी दोघं पृथ्वीभोवती पळतात, दोन जुगारी टोळ्या दोघांवर पैसे लावून बसतात, आणि या टोळ्यांना फायदा होऊ नये म्हणून शेवटी दोघं ठरवून एकाच क्षणी रेष ओलांडतात. म्हणजे बरोबरी! आता विचार करा, इतकी वर्षं वाट बघणाऱ्या पोरांचं काय झालं असेल. भांडण मिटायच्या ऐवजी दुप्पट पेटलं, आणि पुढे अशा शर्यती परत परत लागत राहिल्या.

आणि भांडण नुसतं आरडाओरडा नसतं बरं का, त्याच्यात युक्तिवाद असतात. सुपरमॅनवाले म्हणतात, त्याला सूर्यापासून ताकद मिळते, तो दमत नाही, मग हरेल कसा. फ्लॅशवाले म्हणतात, अहो तुमच्या हिरोला उडता येतं, डोळ्यातून किरण सोडता येतात, गोळी लागत नाही, आमच्या बिचाऱ्याला एकच गोष्ट येते, पळणं, त्यातही तुमचाच पहिला आला तर आमच्याकडे राहिलं काय? मला हा दुसरा मुद्दा फार आवडतो, कारण तो वेगाचा मुद्दा नाहीच, न्यायाचा आहे. मी फ्लॅशच्या बाजूची आहे हे आधीच सांगून टाकते.

तर तुमची लेक त्या मुलांना जनरल नॉलेज विचारत नाहीये. एखादा मुलगा जर म्हणाला ना, "थांबा, पळायचंच आहे की उडलं तर चालेल?", तर त्या मुलाला कॉमिक्समधलं ओ की ठो माहिती नसलं तरी चालेल, तो खेळात आला. किंवा म्हणाला, "मला यातलं काही माहीत नाही, फ्लॅश कोण ते आधी सांगा", तरी आला. ती बघतेय की हा माणूस आपल्या आनंदाच्या जागेत चार पावलं येईल का, चप्पल काढून. पत्रिका, पॅकेज, फ्लॅट कुठे घेतलाय हे सगळं तुम्ही मोठी माणसं विचारतच असता, मग तिने एवढा एक प्रश्न स्वतःच्या पद्धतीने विचारला तर काय बिघडलं? दम देऊ नका. अजिबात नको.

पहिल्या मुलाला नकार दिला ते बरोबरच केलं, आपल्याला न कळलेल्या गोष्टीला हसून मोकळा होणारा माणूस पुढे तिच्या बऱ्याच गोष्टींना हसेल. पण दुसऱ्याच्या बाबतीत मला लेकीचं पटलेलं नाही आणि हे तिला माझ्यातर्फे सांगा. त्याने टेबलाखाली फोन काढला तो तिला फसवायला नाही, तिला आवडावं म्हणून काढला, त्याला वाटलं ही परीक्षा आहे. तिने आधी सांगायला हवं होतं की याला बरोबर उत्तर नाहीये, तुझं मत सांग. कॉमिक्सच्या जगात एक वाईट खोड आहे, समोरचा खरा फॅन की खोटा हे तपासत बसायचं, आणि मुलींना तर याचा फारच त्रास होतो, टीशर्टवर बॅटमॅनचं वटवाघूळ दिसलं की कुणीतरी येऊन विचारणार, सांग बघू अमुक अंकात काय झालं. तुमच्या लेकीने हे नक्की सोसलेलं असणार. तेच आपल्या हातून दुसऱ्यावर होऊ नये. प्रश्न ठेव, पण दार उघडं ठेवून विचार, एवढंच.

आणि लग्नाचाच विषय आहे म्हणून एक खरी हकीकत सांगते. अमेरिकेतल्या कॉमिक्समध्ये मागच्या पानांवर वाचकांची पत्रं छापायचे, १९६० नंतर पूर्ण पत्त्यासकट छापायला लागले, त्यामुळे वाचक एकमेकांनाच पत्रं पाठवायला लागले. १९६९ मध्ये सिल्व्हर सर्फरच्या एका अंकात वेंडी नावाच्या मुलीचं पत्र आलं, ते वाचून रिचर्ड पिनी नावाच्या मुलाने तिला पत्र लिहिलं, पत्रापत्री वाढली, १९७२ ला दोघांनी लग्न केलं, आणि १९७८ पासून दोघांनी मिळून स्वतःची कॉमिक्स काढली, एल्फक्वेस्ट नावाची, ती गाजली. मध्यस्थ नाही, बायोडेटा नाही, नुसतं एक पत्र, कॉमिक्सबद्दलचं. रात्री फोनवर ती ज्या "कुठल्या कुठल्या मुलामुलींशी" बोलते ना, ती तीच पत्रांची पानं आहेत, फक्त आता फोनवर आलीत. झोप पूर्ण होत नसेल तर त्याबद्दल जरूर बोला, सकाळची शिफ्ट असते तिची, पण भांडणाचा विषय रॉबिन आहे म्हणून काळजी करू नका.

रॉबिनवरून भांडण का होतं तेही सांगते, कारण हे ऐकून तुम्ही पण बाजू घ्याल. बॅटमॅनचा साथीदार रॉबिन हा एकच नाही, पहिला डिक ग्रेसन, तो १९४० चा, तो मोठा झाल्यावर दुसरा जेसन टॉड आला आणि बऱ्याच वाचकांना तो आवडेना, उद्धट वाटायचा. तर १९८८ साली प्रकाशकांनी काय केलं, गोष्टीत जोकर नावाच्या खलनायकाने त्या पोराला बॉम्बस्फोटात अडकवलं आणि दोन फोन नंबर छापले, एक नंबर तो वाचावा म्हणून, दुसरा मरावा म्हणून, एका कॉलला ५० सेंट. ५,२७१ लोकांनी वाचवा म्हटलं आणि ५,३४३ लोकांनी मरू दे. ७२ मतांनी पोरगं गेलं! पुढच्या अंकात खरंच मेलं. ज्यांनी वाचवायला फोन केले होते ते आजही तावातावाने बोलतात, ज्यांनी दुसरा नंबर लावला त्यातल्या काहींना नंतर वाईट वाटलं असेल असं मला उगाच वाटत राहतं. २००५ मध्ये जेसन परत आला, जिवंत, भडकलेला, आणि आता त्याचे चाहते इतके आहेत की विचारू नका. तुमच्या लेकीला विचारा, तू असतीस तर कुठला नंबर लावला असतास. तासभर बोलेल.

आता मिस्टरांचा मुद्दा. तुम्ही सहज लिहून गेलात की त्यांच्या स्टॅम्पच्या अल्बमने एक कप्पा अडवलाय, पण तो रद्दीत काढायचं काही लिहिलं नाहीत! प्रेसमधला माणूस, त्यांना तर पक्कं माहिती असणार की तिकिटावर छपाईची चूक राहिली की जमवणारे त्याच्यावर कसे तुटून पडतात. कॉमिक्सवाल्यांचं अगदी तेच, चुका शोधायचं त्यांना प्रचंड वेड. हल्क माहिती असेल तुम्हाला, हिरवा राक्षस, तो १९६२ च्या पहिल्या अंकात राखाडी होता, पण छपाईत राखाडी रंग प्रत्येक पानावर वेगळाच यायचा म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा केला. मिस्टरांना हे सांगा, खूश होतील. त्याच हल्कचं माणसातलं नाव ब्रूस बॅनर, पण १९६४ मध्ये लेखक स्टॅन ली यांनी एका अंकात चुकून बॉब बॅनर लिहिलं. वाचकांची पत्रं आली. मग त्यांनी जाहीर केलं की त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर आहे, आणि ते आजतागायत तेच आहे, चूक होती ती नाव होऊन बसली. यात मजा अशी की स्टॅन ली पात्रांना एकाच अक्षराची नावं द्यायचे, पीटर पार्कर, ब्रूस बॅनर, रीड रिचर्ड्स, का तर लक्षात राहावीत म्हणून, आणि तरी चुकलं.

पुढे तर त्यांनी याचं बक्षीसच ठेवलं, नो-प्राइझ. नुसती चूक दाखवायची नाही, ती चूक नाहीच असं पटवून देणारं कारण शोधायचं, मग बक्षीस. बक्षीस काय तर एक लिफाफा यायचा, वर लिहिलेलं की अभिनंदन, आत तुम्ही जिंकलेलं अस्सल नो-प्राइझ आहे, आणि आत काहीच नाही. रिकामा! काही वाचकांनी परत पत्रं पाठवली की आमचं बक्षीस पोस्टात हरवलं वाटतं. आज ते रिकामे लिफाफे लोक जपून ठेवतात, विकत घेतात. एखाद्या गोष्टीवर इतकं प्रेम असणं की तिच्यातली चूक सापडल्यावर टाकून न देता तिला सावरून घ्यायचं, रात्र रात्र डोकं लावून तिच्यासाठी कारण शोधायचं, मला वाटतं माणसांशी पण असंच वागणाऱ्यांपैकी तुमची लेक असणार.

ती क्वालिटीला आहे म्हणालात, मग तिला हा प्रकार तोंडपाठ असेल बघा. १९७३ साली स्पायडरमॅनच्या १२१ व्या अंकात त्याच्या प्रेयसीला, ग्वेनला, खलनायक पुलावरून खाली टाकतो, स्पायडरमॅन जाळं सोडून तिला पकडतो, पण ती मरते. वाद लागला, पडल्यामुळे मेली की जाळ्याचा झटका बसून? काही अंकांनंतर पत्रांच्या पानावर संपादकांनीच मान्य केलं की झटक्याने. आणि मिनेसोटा विद्यापीठातले जेम्स काकालिओस नावाचे फिजिक्सचे प्राध्यापक हे उदाहरण घेऊन वर्गात शिकवायचे, की वेगात असलेली वस्तू एकदम थांबवली तर जोर प्रचंड येतो, तोच थांबायचा वेळ वाढवला तर जोर कमी होतो, गाडीतली एअरबॅग याच तत्त्वावर असते. म्हणजे ज्याला आपण पोरकटपणा म्हणतो त्याच्यातून पोरं संवेग शिकली.

खारीची शेपटी. ताई, ही माझी सगळ्यात लाडकी जागा आहे त्यामुळे थोडं सविस्तर. तुमची लेक स्क्विरल गर्ल झाली होती. ही मार्व्हल या प्रकाशनाची नायिका नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आली, हिची शक्ती काय तर खारीसारखी चपळाई, मोठी शेपटी, आणि खारींशी बोलता येतं. पहिल्याच गोष्टीत तिने डॉक्टर डूमला हरवलं, हा डूम म्हणजे भलेभले हिरो ज्याला टरकतात तो, आणि हिने त्याच्यावर खारी सोडल्या. मग कितीतरी वर्षं तिला कुणी विचारलं नाही, पण वाचक विसरले नाहीत, त्यांनी तिला जपलं, ही कधी हरत नाही असं म्हणत म्हणत, आणि २०१५ मध्ये तिला स्वतःची मालिका मिळाली. त्यात ती बऱ्याचदा मारामारी न करता समोरच्याशी बोलून, त्याची अडचण समजून घेऊन प्रश्न सोडवते. एवढ्या शेकडो पात्रांतून तुमच्या लेकीने हिला निवडलं, चामड्याचा सूट घालून तलवार घेतलेली नाही निवडली. आईने एवढं तरी बघावं की!

अशी पात्रं खूप आहेत आणि तीच खरी चव आहे या नादाची. १९५७ च्या एका गोष्टीत बॅटमॅन रोज वेगळ्या रंगाचा पोशाख घालतो, गुलाबी, पिवळा, शेवटी इंद्रधनुष्याच्या पट्ट्यांचा, कारण रॉबिनच्या हाताला लागलेलं असतं, लोकांचं लक्ष त्या हाताकडे गेलं तर ओळख फुटेल, म्हणून हा स्वतःकडे बघायला लावतो. सुपरमॅनचा कुत्रा क्रिप्टो १९५५ चा, अंगावर लाल झूल, नंतर मांजर आली, माकड आलं, घोडा आला, १९६२ ला त्या प्राण्यांची टीमच झाली. त्याच वर्षी मॅटर-ईटर लॅड आला, जो काहीही खाऊ शकतो, लोखंड, दगड, काहीही, कारण त्याच्या ग्रहावरचं सगळं अन्न जंतूंनी खायच्या लायकीचं ठेवलं नव्हतं म्हणून तिथली माणसंच तशी घडली. एवढा गंभीर खुलासा, आणि शक्ती काय तर खाणं! मला हे मनापासून सुंदर वाटतं, कुणीतरी बसून या पोराच्या ग्रहाचा इतिहास लिहिला. सुपरमॅनची ती लाल चड्डी २०११ मध्ये काढून टाकली तर लोक वर्षानुवर्षं हळहळत राहिले, २०१८ ला अ‍ॅक्शन कॉमिक्सचा १००० वा अंक आला तेव्हा परत मिळाली.

आणि फ्लॅश, तो स्वतःच कॉमिक्सचा फॅन आहे! १९५६ मध्ये जो नवा फ्लॅश आला, बॅरी अ‍ॅलन, तो आपल्या पहिल्याच गोष्टीत जुन्या फ्लॅशचं कॉमिक वाचत बसलेला दाखवलाय, शक्ती मिळाल्यावर त्याच्यावरूनच तो स्वतःचं नाव ठेवतो. पुढे १९६१ ला त्याला तो जुना फ्लॅश प्रत्यक्ष भेटतो, दुसऱ्या पृथ्वीवर. आपल्या आवडत्या पुस्तकातला माणूस समोर उभा राहणं, आणि त्याच्यासोबत काम करायला मिळणं, कुठल्या फॅनचं हे स्वप्न नसतं सांगा. शर्यतीत तुमची लेक कुणाच्या बाजूची आहे ते मला कळवा, मला अंदाज आहे.

सासूबाई बघत राहिल्या म्हणालात, तर त्यांना धुळवडीची आठवण करून द्या. आपल्या नाशिकमध्ये वीर निघतात की नाही? देव्हाऱ्यातले वीरांचे टाक खोबऱ्याच्या वाटीत घेऊन, पोरांना राम, कृष्ण, शिवाजी महाराज असं सजवून, वाजतगाजत रामकुंडावर न्यायचं, दाजीबा वीर बाशिंग बांधून निघाले की रस्त्याला गर्दी, नवस बोलतात लोक. ते श्रद्धेचं आहे आणि कॉमिक कॉन हौसेचं, दोन्ही एकच असं मी म्हणणार नाही. पण पराक्रमी माणसाचा वेश अंगावर चढवून चारचौघात चालायचं, बघणाऱ्यांनी कौतुकाने वळून बघायचं, यात आपल्या गावाला नवीन काही नाहीये, सासूबाईंनी स्वतः कितीतरी पोरांना काजळाच्या मिशा काढल्या असतील. पुढच्या वेळी शेपटीचं अस्तर शिवायला त्यांनाच बसवा. फोम कापायला आणि ग्लू गन चालवायला मात्र गॅलरीत पाठवा, वासाचा त्रास खरा आहे.

तुम्ही स्वतः पण यातल्या नाही असं समजू नका. लेक २७ ची म्हणजे तुमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स चालू असणार, १९६४ ते १९९० ती निघत होती, मराठीतसुद्धा यायची, वेताळ आठवतो का, इंग्रजीतला फँटम? कवटीची अंगठी, पिढ्यान् पिढ्या बापाकडून मुलाकडे आलेला वेश, लोकांना वाटतं हा अमर आहे आणि खरा तो एकविसावा. त्याच्यासोबत जो लांडगा असतो त्याला कुणी कुत्रा म्हटलं की त्याचे वाचक लगेच दुरुस्त करतात, लांडगा आहे तो! मूळ वेताळ जांभळा, पण स्वीडनमध्ये तो निळा छापतात, इटली आणि ब्राझीलमध्ये लाल, आणि प्रत्येक देशातल्या वाचकाला आपलाच रंग खरा वाटतो. लेकीला एकदा विचारा, तुझ्याकडे वेताळ आहे का गं. तिच्या चेहऱ्याकडे बघा तेव्हा. शिवाय नागराज, ध्रुव, डोगा हे आपल्याकडचे हिरो आहेतच, ते हिंदी असले तरी आपल्याकडे एसटीच्या प्रवासात कितीजणांनी वाचलेत.

आता खोकी. रद्दी नाही, ताई. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुपरमॅनच्या १९३९ च्या पहिल्या अंकाची एक प्रत लिलावात नव्वद लाख डॉलरच्या वर गेली, आणि ती सापडली कुठे, कॅलिफोर्नियातल्या तीन भावांना त्यांच्या वारलेल्या आईच्या घराच्या माळ्यावर, जुन्या पेपरांखाली. त्या आईने जपलं म्हणून राहिलं. पण हे वाचून लेकीच्या खोक्यांचा हिशोब मांडायला बसू नका, कारण जुने अंक महाग का, तर बहुतेक आयांनी ते टाकून दिले आणि युद्धाच्या काळात कागद गोळा करायच्या मोहिमेत गेले, म्हणून फार थोडे उरले. नव्वदच्या दशकात लोकांना वाटलं आता प्रत्येक पहिला अंक सोन्याचा होणार, १९९१ चा एक्स-मेनचा पहिला अंक ऐंशी लाखांच्या वर छापला गेला, लोकांनी पाच पाच प्रती घेऊन ठेवल्या, आणि आज त्याला फारशी किंमत नाही. तुमच्या लेकीच्या खोक्यांमधून फ्लॅट निघणार नाही. ती तिची आहेत, तिच्या पगारातून घेतलीत, एवढं कारण पुरेसं आहे. लग्न झाल्यावर कुठे ठेवायची हे तिचं ती आणि तिचा नवरा बघतील, तोवर मिस्टरांच्या अल्बमशेजारी थोडी जागा द्या.

माळा मात्र बदला, हे महत्त्वाचं. नाशिकला पावसाळ्यात दमट होतं आणि उन्हाळ्यात स्लॅबखालचा माळा तापतो, जुना स्वस्त कागद अशाने पिवळा पडून ठिसूळ होतो. खोकी कपाटात खालच्या बाजूला, भिंतीला न चिकटवता, जमिनीवर थेट न ठेवता, आत अंक उभे, फार दाबून नाही. सिलिका जेलच्या पुड्या चालतील, डांबरगोळ्या नको, तो वास कागदातून जात नाही. मागचा पुठ्ठा अ‍ॅसिड-फ्री आहे का ते तिला माहीत असणारच.

रविवारी पाहुणे आले की तिची खोली बंद करून ठेवू नका. शेपटी भिंतीवर असेल तर असू द्या. मुलाची आई विचारेल हे काय, तर तुम्हीच सांगा, लेकीने स्वतः केलीय, आणि शक्य झालं तर ते डॉक्टर डूमचं पण सांगा. दोघांना बोलायला सोडाल तेव्हा तिने प्रश्न विचारावा, आणि तो संगमनेरचा मुलगा गप्प बसला तर लगेच काट मारायची नाही, त्यालाही काहीतरी आवडत असेल, क्रिकेट असेल, ट्रेकिंग असेल, जुन्या गाड्या असतील, त्याचा एक प्रश्न तिने घ्यायचा आणि त्याच्या खेळात तिनेही चार पावलं जायचं. तो जर तिला विचारेल की सह्याद्रीतला सगळ्यात अवघड किल्ला कुठला, तर तिने फोन काढायचा नाही!

राहिला नणंदेचा मुलगा. खोकी त्याला देऊ नका, सात वर्षांचं पोर आहे, दुसऱ्या दिवशी कव्हर फाटलेलं असेल आणि घरात रडारड. त्याला एखाद्या रविवारी दुपारी बोलवा, हात धुवायला लावा, आणि लेकीला सांगा की क्रिप्टो आणि त्या प्राण्यांच्या टीमच्या गोष्टी याला वाचून दाखव, मराठीत सांगत सांगत. वाढदिवसाला त्याला त्याची स्वतःची दोन कॉमिक्स घेऊन द्या, चाचा चौधरी असेल तरी पळेल, फाडायची असतील तर ती फाडू दे. कुठली घ्यायची ते मामीच्या ऐवजी मामेबहिणीला ठरवू द्या, ती याद्या करूनच बसली असेल.